ऐंशी दिवसांचं पारायण : ज्यूल व्हर्नची कादंबरी गावात मोठ्यानं वाचायची कशी

२ ऑक्टोबर १८७२, बुधवार. रात्री पावणेनऊच्या गाडीनं फिलिअस फॉग लंडनहून निघतो. पैज अशी की २१ डिसेंबर, शनिवार, रात्री पावणेनऊच्या आत जगाला फेरी मारून त्याला लंडनच्या आपल्या क्लबात परत यायचं. ज्यूल व्हर्नची 'ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा' या दोन तारखांच्या मध्ये घडते. पॅरिसच्या 'ल तां' या वर्तमानपत्रात ती क्रमशः आली तीही त्याच हिवाळ्यात, ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर १८७२ या काळात. पहिल्या वाचकांनी ती तुकड्या-तुकड्यांनी, उद्याची वाट पाहत वाचली. दीडशे वर्षांनंतरही लोक तिच्याकडे परत येतात त्याचं अर्धं कारण या वाट पाहण्यात आहे. एका बैठकीत वाचली तर गोष्ट कळते, पण ऐंशी दिवस अंगात भिनत नाहीत.

म्हणून ही पद्धत. कादंबरी तिच्याच तारखांना, गावातल्या वाचनालयात किंवा शाळेच्या व्हरांड्यात, मोठ्यानं वाचायची. विदर्भातल्या गावाला हे शिकवावं लागत नाही. पोथी लावणं, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, हे घरोघरी माहीत आहे. खालचं वेळापत्रक मांडलं तर बैठका बरोबर २१ होतात, गजानन महाराजांच्या पोथीच्या अध्यायांइतक्या. हा योगायोग आहे, पण गावात सांगायला फार कामी येतो.

आधी पुस्तक तपासा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. बाजारात मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्या पुष्कळ आहेत. त्या वाईट नाहीत, पण ऐंशी दिवस पुरत नाहीत. पूर्ण अनुवाद ओळखायच्या चार खुणा :

अनुक्रमणिकेत ३७ प्रकरणं हवीत. तिसऱ्या प्रकरणात, क्लबातल्या गप्पांत, आठ टप्प्यांचं कोष्टक हवं : लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३, मुंबई ते कोलकाता ३, कोलकाता ते हाँगकाँग १३, हाँगकाँग ते योकोहामा ६, योकोहामा ते सॅन फ्रान्सिस्को २२, तिथून न्यूयॉर्क ७, न्यूयॉर्क ते लंडन ९. बेरीज ८०. तिसरी खूण आपल्या जवळची : अकराव्या प्रकरणात गाडी बऱ्हाणपूरला थांबते आणि फॉगचा नोकर पासपार्तू तिथे खोट्या मोत्यांनी मढवलेल्या चपला घेतो. हे वाक्य नसेल तर बरंच काही कापलेलं आहे असं समजा. आणि चौथी : फॉग फुग्यात, म्हणजे बलूनमध्ये, बसून उडाला असेल तर पुस्तक परत ठेवा. मूळ कादंबरीत तो फुग्यात बसतच नाही. फुगा आला तो १९५६ च्या सिनेमातून.

प्रती तीन लागतात. एक वाचणाऱ्याची, एक पुढच्या वेळी वाचणाऱ्याची (त्याला घरी नेऊन सराव करायचा असतो) आणि एक वाचनालयात टांगून ठेवायची, चुकलेल्यांसाठी. गावातल्या छोट्या, 'ड' वर्गाच्या वाचनालयात एखादी प्रत निघेल, बाकीच्या तालुक्याच्या किंवा जिल्हा ग्रंथालयातून मागवा. मागणी ऑगस्टच्या शेवटीच करा, पोळ्यानंतर सगळं लांबतं. व्हर्न १९०५ साली वारला, त्यामुळे मूळ फ्रेंच मजकूर सगळ्यांचा आहे. मराठी अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. पूर्ण पुस्तकाच्या झेरॉक्स काढू नका, वाचनाला तिकीट लावू नका आणि रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकू नका.

वेळापत्रक

तारखा कादंबरीतल्या आहेत, त्या आपल्या सोयीनं हलवायच्या नाहीत. सोय बघायला लागलं की सगळी गंमत जाते.

ऑक्टोबर : २ तारखेला प्रकरण १ ते ४ (लंडन), ५ ला ५, ९ ला ६ ते ८ (सुएझ), २० ला ९ आणि १० (मुंबई), २१ ला ११ (बऱ्हाणपूर आणि हत्ती), २३ ला १२ आणि १३, २५ ला १४ आणि १५ (कोलकाता), ३१ ला १६ आणि १७ (सिंगापूर).

नोव्हेंबर : ६ ला १८ आणि १९ (हाँगकाँग), ७ ला २०, ११ ला २१ (शांघायजवळ), १४ ला २२ आणि २३ (योकोहामा), २३ ला २४ (पॅसिफिकच्या मधोमध).

डिसेंबर : ३ ला २५ (सॅन फ्रान्सिस्को), ५ ला २६ आणि २७, ७ ला २८ आणि २९, ९ ला ३० आणि ३१, ११ ला ३२ (न्यूयॉर्क), १८ ला ३३, २० ला ३४, २१ ला ३५ ते ३७.

वार मात्र जुळणार नाहीत. २ ऑक्टोबर बुधवारी आला तरच १८७२ चे वार पुन्हा मिळतात. तसं वर्ष आता २०३० आहे.

या वेळापत्रकाची चाल कापूस-सोयाबीनच्या गावाला बरी जमते. पहिल्या आठवड्यात सोयाबीनची सोंगणी आणि थ्रेशरची धांदल, तेव्हा बैठका तीनच. ९ ते २० ऑक्टोबर पूर्ण मोकळे, कारण फॉगची 'मंगोलिया' बोट तांबड्या समुद्रात आहे. कापूस वेचणीच्या ऐन भरात, १४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर, बैठक एकच. खरी ओढाताण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. अमेरिकेतली रेल्वे एकामागून एक प्रकरणं मागते, आणि तेव्हाच हरभऱ्याला, तुरीला रात्रीचं पाणी द्यायचं असतं. ज्यांची लाईन रात्री येते ते लोक त्या आठवड्यात गळतात. त्यांना आधीच विचारून ठेवा आणि ५, ७, ९ तारखांचे वाचक त्यांच्यातले नेमू नका.

दसरा, कोजागिरी, दिवाळी, तुळशीचं लग्न बहुतेक वर्षी याच ऐंशी दिवसांत कुठेतरी पडतं. सणाच्या दिवशी बैठक आली तर ती अर्धी करा, पण टाळू नका. कोजागिरीला तर दूध आटेपर्यंत वेळ असतोच. गावात मयत झाली तर त्या दिवशी वाचन नाही, याला अपवाद नाही. बुडालेलं प्रकरण पुढच्या बैठकीत घ्यायचं आणि ते वहीत मांडायचं.

ही वही फॉगचीच. सातव्या प्रकरणात तो सुएझला एक तक्ता आखून बसतो : महिना, तारीख, वार, पोहोचायची ठरलेली वेळ, पोहोचल्याची खरी वेळ, आणि शेवटी नफा किंवा तोटा. तसाच तक्ता २०० पानी वहीत आखा. ठरलेलं प्रकरण, वाचून झालेलं प्रकरण, नफा-तोटा प्रकरणांत. फॉग मुंबईला दोन दिवस नफ्यात पोहोचतो, कोलकात्याला नफा शून्य होतो, हाँगकाँगला एक दिवस तोटा. तुमच्या गावाचा तोटा आणि त्याचा तोटा शेजारी-शेजारी दिसायला लागला की लोक वही उघडून बघायला येतात. वही मास्तरांकडे देऊ नका. सातवी-आठवीतल्या मुलीकडे द्या, ती तारीख चुकू देत नाही.

जागा, वेळ, आवाज

बैठक ७.३० ला सुरू आणि बरोबर ८.४५ ला बंद. वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल, पण पावणेनऊला पुस्तक मिटायचं. पहिल्या दोन-तीन वेळा लोक कुरकुरतात, चौथ्या वेळेपासून घड्याळाकडे बघायला लागतात. शेवटच्या रात्रीची ही सगळी तयारी आहे. अपवाद फक्त पहिल्या दिवसाचा आणि शेवटच्या रात्रीचा. पहिल्या दिवशी चार प्रकरणं असतात, म्हणून ६.४५ ला बसायचं, दुसरं प्रकरण तोंडी सांगून टाकायचं, आणि चौथं प्रकरण असं संपवायचं की फॉगची गाडी आणि आपलं घड्याळ एकाच वेळी सुटेल. गावात सामुदायिक प्रार्थना होत असेल तर ती झाल्यावर, त्याच ठिकाणी बसणं सगळ्यात सोपं. लोक उठून घरी गेले की परत येत नाहीत.

ऐकणारे ४० च्या आत असतील तर माईक नको. माईक आला की वाचणारा भाषण करायला लागतो. मागच्या ओळीला ऐकू येत नसेल तर पंखा बंद करा, बहुतेक वेळा दोष त्याचाच असतो. वीज जाणारच, म्हणून चार्जिंगचा दिवा वाचणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागे ठेवा. समोर ठेवला तर त्याचे डोळे दिपतात आणि पानावर सावली पडते.

पूर्ण अनुवादातलं मध्यम लांबीचं प्रकरण मोठ्यानं वाचायला १५ ते २० मिनिटं लागतात. दोन प्रकरणं असली की मध्ये पाच मिनिटं थांबा, चहासाठी नाही तर प्रश्नांसाठी. चहा शेवटी. मध्ये दिला की कपांच्या आवाजात दहा मिनिटं जातात.

वाचक एकच ठेवू नका. पाच-सहा जण आलटून-पालटून हवेत, त्यात निम्म्या बाया. प्रत्येकानं प्रकरण घरी दोनदा वाचून यायचं, एकदा स्वतःशी आणि एकदा मोठ्यानं. अडतात ती नावं. एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत नावं लिहून भिंतीला लावा : फिलिअस फॉग, पासपार्तू, डिटेक्टिव्ह फिक्स, आउदा, सर फ्रान्सिस क्रोमार्टी, कर्नल प्रॉक्टर. उच्चार सगळ्यांनी एकच ठेवायचा, तो फ्रान्समध्ये कसा करतात याची काळजी करायची नाही. एकानं 'पासपार्तू' आणि दुसऱ्यानं 'पासेपारटाउट' म्हटलं की म्हाताऱ्या माणसांना ती दोन माणसं वाटतात.

फॉगचं बोलणं सपाट वाचा. हा माणूस रागावत नाही, घाबरत नाही, आवाज चढवत नाही. नवखा वाचक त्याला नायकासारखा गर्जवतो आणि पात्र मरतं. लोक ज्याच्यावर जीव लावतात ती त्याची शांतता आहे. गाडी चुकली, बोट सुटली, पूल कोसळायला आला, तरी हा माणूस 'हे धरूनच हिशोब केला होता' म्हणतो. ज्यांचं वर्ष पावसाच्या एका खंडानं हातचं जातं त्यांना हे ऐकायला वेगळंच वाटतं. सगळा जोश पासपार्तूला द्या. आणि मागची गोष्ट सांगायचं काम दर वेळी ऐकणाऱ्यांपैकी एकाला, तीन मिनिटं, जास्त नाही. तो चुकला तर बाकीचे दुरुस्त करतात, ते करू द्या. परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारू नका, दुसऱ्या दिवसापासून पोरं येणार नाहीत.

सत्ताविसाव्या प्रकरणात रेल्वेच्या डब्यात मॉर्मन पंथाच्या इतिहासावर लांबलचक प्रवचन आहे. त्याची दहा वाक्यं वाचा आणि पुढे चला. प्रवचन ऐकणारे डब्यातून एक-एक करून उठून जातात, तिथपर्यंत पोचलात की झालं.

नकाशा आणि दोरा

जगाचा शालेय नकाशा, साधारण ३ फूट बाय ४ फूट. मार्गासाठी लाल लोकर, मुक्कामांसाठी टाचण्या. चुन्याच्या भिंतीत टाचणी बसत नाही, खपली निघते. नकाशामागे थर्माकोल किंवा दुहेरी पुठ्ठा लावा. दर बैठकीला दोरा फक्त तेवढाच पुढे सरकवायचा जेवढं वाचलं. आधीच पूर्ण दोरा लावून ठेवला तर नकाशाकडे कोणी बघत नाही.

हटकून होणारी अडचण : आपल्या नकाशात अटलांटिक मध्ये असतो. योकोहामाहून निघालेला फॉग उजव्या काठावरून बाहेर पडतो आणि डाव्या काठावरून आत येतो. ऐकणाऱ्यांना वाटतं तो मागे फिरला. सारखे दोन नकाशे काठाला काठ जोडा, म्हणजे पॅसिफिक मधोमध सलग मिळेल. शाळेत पृथ्वीगोल असेल तर २३ नोव्हेंबरला तो आणाच.

भारताच्या भागासाठी वेगळा, मोठा रेल्वे नकाशा लागतो, कारण इथे गाव जागं होतं. पहिला प्रश्न ठरलेला : तो शेगाव, अकोला, नागपूरवरून का गेला नाही? हावड्याची गाडी तर इकडूनच जाते! उत्तर तयार ठेवा. भुसावळ-नागपूर मार्ग १८६७ मध्येच झाला होता, वऱ्हाडातल्या कापसासाठी. पण तो नागपूरला संपत होता, पूर्वेकडे जोडणारा मार्ग व्हायला आणखी दोन दशकं गेली. १८७० मध्ये मुंबई-कोलकाता जोडले गेले ते भुसावळ, खंडवा, जबलपूर, अलाहाबाद या वाटेनं. फॉग तिकडूनच गेला. जळगाव जामोदच्या माणसाला बऱ्हाणपूर हाकेवर आहे, तेव्हा 'जवळून गेला' असं म्हणायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट जाणत्यांच्या लक्षात येईल. १८७० मध्ये मार्ग पूर्ण झाला, मग १८७२ मध्ये कादंबरीतली गाडी 'खोल्बी'जवळ रूळ संपले म्हणून का थांबते? कारण व्हर्नला हत्ती हवा होता. खोल्बी नकाशात शोधू नका, मिळणार नाही. व्हर्न भारतात कधी आलाच नव्हता, सगळं पुस्तकं आणि वर्तमानपत्रं वाचून लिहिलं. आगगाडीचा धूर कापूस, कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीच्या मळ्यांवरून जातो, असं तो लिहितो. खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याला यातला कापूस पटेल. जायफळ आणि लवंग ऐकून हसू येईल, ते येऊ द्या. ऐकणाऱ्याला लेखकापेक्षा जास्त माहीत असतं अशी जागा पुस्तकात क्वचित सापडते, आणि तिथे माणूस पुस्तकाचा होऊन जातो.

२३ ऑक्टोबर जपून

बाराव्या आणि तेराव्या प्रकरणात बुंदेलखंडातल्या म्हाताऱ्या राजाच्या चितेवर त्याच्या तरुण विधवेला, आउदाला, नेतात आणि फॉगची मंडळी तिला सोडवतात. साहस म्हणून ही पुस्तकातली सर्वांत थरारक रात्र. पण बैठकीत नवरा गेलेल्या बाया बसलेल्या असतात. आपल्या भागात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या बायाही असतील. ही दोन प्रकरणं बाईनंच वाचावीत, आवाज न रंगवता. पोरांना आधी बजावून ठेवा की इथे शिट्ट्या नाहीत.

वाचण्याआधी तीन मिनिटं तीन गोष्टी सांगा. इंग्रजी अमलाखालच्या मुलखात सतीला १८२९ मध्ये बंदी झाली, आणि त्यासाठी राजा राममोहन रॉय यांच्यासारखे इथलेच लोक झगडले. आउदा पारशी आहे आणि पारशांत सतीची चालच नव्हती. व्हर्ननं ऐकीव माहितीचा काला केला. आणि तो ज्या तऱ्हेनं इथल्या लोकांना, पुढे अमेरिकेतल्या सू जमातीच्या लोकांना, 'रानटी' म्हणून रंगवतो ती त्या काळातल्या युरोपची नजर होती. हे सांगून मग प्रकरण आहे तसं वाचा. गाळू नका. गाळलं की लोकांना कळतं आणि मग पुढच्या प्रत्येक पानावर 'अजून काय गाळलं' असं होतं.

आउदाबद्दल आणखी एक. पस्तिसाव्या प्रकरणात लग्नाची मागणी फॉग घालत नाही, ती घालते. तोपर्यंत हे कोणालाही सांगू नका.

हरवलेला दिवस समजावणं

कादंबरीचं सगळं यंत्र एका गोष्टीवर चालतं : फॉगच्या मोजणीत एक दिवस जास्त येतो, आणि हरलो असं वाटत असताना तो जिंकतो. पूर्वेकडे जाताना प्रत्येक रेखांशाला दिवस ४ मिनिटांनी लहान होतो. ३६० रेखांश, १४४० मिनिटं, म्हणजे पूर्ण एक दिवस. ऐंशी दिवसांवर वाटलं तर फॉगचा दिवस सरासरी १८ मिनिटांनी आखूड. ही शेवटची फोड २१ डिसेंबरच्या आधी बोलायची नाही. पण त्याचं बी ऑक्टोबरमध्ये पेरता येतं.

बुलढाणा ७६.२ अंश पूर्वेला, गोंदिया ८०.२ ला. चार रेखांश, १६ मिनिटं. विदर्भाच्या आतच सूर्य गोंदियाच्या डोक्यावर बुलढाण्यापेक्षा पाव तास आधी येतो. हे करून बघायचं असेल तर दोन्हीकडे एक-एक नातेवाईक गाठा. एक मीटरची सरळ काठी सपाट जमिनीत, ओळंब्यानं उभी. सकाळी अकराच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खूण करा, घड्याळातली वेळ लिहा, आणि काठीपासून त्या खुणेच्या अंतरानं सुतळीचं वर्तुळ काढा. दुपारी सावली पुन्हा त्याच वर्तुळाला टेकेल, ती वेळ लिहा. दोन वेळांचा मध्य म्हणजे त्या ठिकाणची खरी दुपार. सावली सर्वांत आखूड कधी झाली हे डोळ्यानं ठरवायला जाऊ नका, त्या वेळी ती जवळजवळ हलतच नाही आणि दहा-दहा मिनिटं चुकतात. दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी करा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बुलढाण्यात उत्तर १२.१५ च्या आसपास आणि गोंदियात १२ च्या आसपास येईल. काठी कललेली असेल तर हिशोब बिघडतो.

आठव्या प्रकरणात, फॉगला चोर समजून त्याच्या मागावर असलेला फिक्स पासपार्तूला सांगतो, तुझं घड्याळ दोन तास मागे आहे, इथल्या वेळेला लाव. पासपार्तू पणजोबांच्या घड्याळाला हात लावत नाही. २३ नोव्हेंबरला पॅसिफिकच्या मधोमध त्याचं घड्याळ बोटीच्या घड्याळाशी आपोआप जुळतं आणि तो हरखून जातो. काटे जुळले, पण बारा तासांनी फरक पडला होता. चोवीस आकड्यांची तबकडी असती तर त्याला तेव्हाच कळलं असतं. इथे एक जुनं घड्याळ लंडनच्या वेळेवर लावून नकाशाशेजारी टांगा. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यावर काही बोलू नका. मुलं स्वतःच विचारतील की फॉग निघाला तेव्हा आपल्याकडे किती वाजले असते. रात्रीचे सव्वादोन, आज ज्या वेळेला रात्रपाळीची माणसं वावरात पाण्यावर असतात.

१४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरची पोकळी भरायला एक खरी गोष्ट आहे. १४ नोव्हेंबर १८८९ ला नेली ब्लाय ही अमेरिकी पत्रकार हातात एकच बॅग घेऊन याच कादंबरीशी पैज लावून निघाली. वाटेत फ्रान्समधल्या आमियाँला व्हर्नच्या घरी त्याला भेटली आणि २५ जानेवारी १८९० ला ७२ दिवसांत परत आली. कादंबरी वाचून माणसं खरंच उठून निघाली, हे त्या बैठकीत सांगा. १४ ला शाळेत बालदिन असतोच, मुलींना ही गोष्ट तिथे सांगायला द्या.

दिवा

निघायच्या घाईत पासपार्तू आपल्या खोलीतला गॅसचा दिवा विझवायला विसरतो आणि फॉग बजावतो, जळू दे, बिल तुझं. वाचनालयाच्या कोपऱ्यात ५ वॅटचा एक एलईडी दिवा २ ऑक्टोबरला रात्री ८.४५ ला लावा आणि २१ डिसेंबरपर्यंत बंद करू नका. ८० गुणिले २४, म्हणजे १९२० तास. खर्च ९.६ युनिट. बटणावर चिकटपट्टी लावा, नाहीतर झाडझूड करणारं माणूस सवयीनं बंद करतं. वीज गेलेले तास वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा आणि अखेरीस वजा करा. ज्या गावात गोष्टीतलं बाकी काही आठवत नाही तिथेही दिवा आठवतो.

शेवटचे चार दिवस

पुस्तक आधी वाचलेले लोक गावात असतातच. त्यांना पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगा : दिवस फोडायचा नाही. एवढं पुरतं. तरीही कोणी फोडला तर नाकारू नका, 'बघू' म्हणा.

१८ डिसेंबरला तेहतिसावं प्रकरण. कोळसा संपतो, फॉग 'हेन्रिएटा' बोट ६० हजार डॉलरला विकत घेतो आणि तिचंच लाकूड भट्टीत घालतो. या प्रकरणाच्या अगदी शेवटी तो लिव्हरपूलला उतरतो आणि पुस्तक २१ डिसेंबर असं सांगतं. ते शेवटचे परिच्छेद १८ ला वाचू नका, २० साठी ठेवा.

२० डिसेंबरला ते परिच्छेद आणि चौतिसावं. फॉगला अटक होते, सुटतो, लंडनला पोहोचतो तेव्हा घड्याळात नऊला दहा मिनिटं. पाच मिनिटांनी हरला. इथे वहीवाली मुलगी हात वर करेल : पुस्तकात २१ म्हणतात, आज तर २० आहे, आपलं वेळापत्रक चुकलं का? उत्तर देऊ नका. तिला वहीत तसंच लिहायला सांगा, 'पुस्तकाप्रमाणे २१, गावाप्रमाणे २०'. वेळापत्रक चुकलेलं नाही. लंडनमध्ये त्या रात्री खरंच २० तारीख होती.

२१ ला घरी घड्याळ लावून सराव करून या. पस्तिसावं प्रकरण ७.३० ला सुरू. छत्तिसावं अशा बेतानं की क्लबातले पाच जण सेकंद मोजताहेत ते वाक्य ८.४४ ला यावं. सत्तावन्नाव्या सेकंदाला दार उघडतं. वेळ उरत असेल तर मध्ये थांबा, कमी पडत असेल तर पैजांच्या भावाचे आकडे गाळा, पण दार पावणेनऊच्या आत उघडलं पाहिजे. त्या दिवशी खऱ्या दाराची कडी उघडी ठेवा, उशिरा येणारा नेमका तेव्हाच येतो.

मग सदतिसावं, आणि त्यानंतर दोन सुतळ्या. दोन्ही ९० सेंटिमीटर. एकीवर दर १० सेंटिमीटरला गाठ, म्हणजे लंडनचे ९ दिवस. दुसरीवर दर ९ सेंटिमीटरला, म्हणजे फॉगचे १० दिवस. सुतळी तेवढीच, गाठी एकीनं जास्त. ७९ आणि ८० चंही असंच. सुतळ्या आधी ओल्या करून ताणून वाळवा, नाहीतर गाठी मारताना एक आखूड होते आणि सगळं पटवून दिलेलं वाया जातं. त्यानंतर चाणाक्ष माणूस विचारेल, न्यूयॉर्कात वर्तमानपत्रावर तारीख होती, बोटीवर होती, त्याला कळलं कसं नाही? खरं सांगा : कादंबरीतलं हे भोक आहे आणि ते बुजत नाही. ग्रिनिचचं शून्य रेखावृत्त १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ठरलं, १८७२ मध्ये तारखेचा हा घोळ लोकांना सवयीचा नव्हता, एवढंच व्हर्नच्या बाजूनं म्हणता येतं.

हिशोब वाचायचा राहतो. फॉगनं पैज २० हजार पौंडांची जिंकली, वाटेत खर्च झाले जवळजवळ १९ हजार, उरलेले हजार त्यानं पासपार्तू आणि फिक्सला वाटून दिले, आणि पासपार्तूच्या वाट्यातून १९२० तासांचा गॅस कापून घेतला. मग वहीवाल्या मुलीनं आपले तास वाचायचे, वीज गेलेले वजा करून, आणि चिकटपट्टी काढून बटण दाबायचं.